वणांचा थर

सकाळी मागचे दार उघडण्याआधी प्रतिभा खिडकीतून अंगणात विजेरीचा झोत टाकत असे. झोत गोठ्यावरून, पाण्याच्या टाकीवरून उसाच्या कडेपर्यंत फिरवायचा, कुठे बिबट्याचे दोन डोळे चमकत नाहीत ना ते पाहायचे आणि मगच कडी काढायची. महाळुंगे पडवळमधल्या बहुतेक घरांना जडलेली ही सवय आता दात घासण्याइतकी साधी झाली होती. त्या सोमवारीही तिने तेच केले. एका शेगडीवर दूध ठेवले, दुसरीवर चहाचे आधण ठेवले आणि दोन्हींपैकी काही वर येण्याआधी आईला ओट्याजवळच्या खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. सारजाबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अलीकडेच झाले होते. थेंब पडायच्या आतच त्या पापण्या गच्च मिटून घेत, म्हणून प्रतिभा डावा तळवा त्यांच्या गालावर टेकवून अंगठ्याने खालची पापणी ओढून धरी आणि औषध ओघळले की उजव्या हाताचे बोट गालावरून कानापर्यंत नेऊन ते टिपून घेई. हे करताना ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसे. तिचे लक्ष दुधावर असे. मग भाकरी, डबा, आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या आणि मोबाइल. मग स्कूटीवरून कळंब आणि तिथून महामार्गाला लागून नारायणगाव. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो, माणसांनी भरलेल्या जीपा, आणि दोघांच्या मधून वाट काढणारी ती. दुकानात पोचली तेव्हा मालक हौशीरामशेठ उदबत्ती ओवाळत होते: आधी गणपतीला, मग फ्लेक्सच्या मशीनला, मग संगणकाला. उरलेला धूर मागच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेल्या फ्रेमांवरून हळूहळू सरकत गेला.

त्या फ्रेमा गिऱ्हाइकांनी अजून न नेलेल्या असत. बहुतेक दशक्रियेच्या, काही वर्षश्राद्धाच्या. प्रतिभाची खुर्ची त्यांच्याकडे पाठ करून होती, आणि तिला त्याचे कधी काही वाटले नव्हते. पुण्यात उपयोजित कलेची पदविका घेऊन तिने जवळजवळ वीस वर्षे एका जाहिरातीच्या स्टुडिओत चेहरे साफ करण्यात घालवली होती. मुरुमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, हसताना ओठांच्या कडेला पडणाऱ्या रेघा, दाढीची हिरवट झाक. जे जे चेहऱ्यावर घडून गेले होते ते ते पुसायचे. स्टुडिओ बंद पडला, आईचे डोळे अधू झाले आणि ती गावी परतली, तेव्हा हात हेच काम सोबत घेऊन आला. इथे तर विचारावेही लागत नसे. फोटो उघडला की चहाचा पहिला घोट घेईपर्यंत चेहरा गुळगुळीत आणि रंग एका छटेने उजळ झालेला असे. मेलेल्या माणसाला थोडे गोरे करून द्यायचे ही या गल्लीची रीतच होती, आणि तिच्यात कुणाला खोटेपणा दिसत नव्हता. दशक्रियेला घाटावर भाषणे करणारे तरी गेलेल्या माणसाच्या रागीटपणाविषयी कुठे बोलत?

उन्हे गल्लीत उतरली तेव्हा सोपान आला. टोमॅटो मार्केटमध्ये तोलाईचे काम करणारा हा मनुष्य गेल्याच आठवड्यात आईची मोठी फ्रेम घेऊन गेला होता. आता तीच फ्रेम टॉवेलात गुंडाळून त्याने काउंटरवर ठेवली. त्याच्या मागे त्याचा बाप होता, सावळेराम. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्याही वरच्या डोंगरात भाताची खाचरे असलेला उंच, वाळकुडा म्हातारा. बायको गेल्यापासून मुलाकडे नारायणगावात आणून ठेवलेला. सोपानने खालच्या आवाजात सांगितले ते असे की म्हातारा फोटो घरात राहू देत नाही. पहिल्या रात्री त्याने फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. सून रत्नाने सरळ केली, त्याने परत फिरवली. परकी बाई खोलीत असताना मी धोतर कसे बदलू, असे त्याने सुनेला विचारले. आधी सगळे हसले. मग कुणी हसेनासे झाले, कारण शुक्रवारी वर्षश्राद्ध होते, पाटावर हाच फोटो मांडायचा होता, आणि म्हातारा म्हणत होता की त्या फोटोपुढे मी हात जोडणार नाही.

प्रतिभाने टॉवेल सोडला. सखूबाई. हिरवे लुगडे, नाकात चमकी, मागे लग्नाच्या मांडवाची झालर. हा फोटो नातवाच्या मोबाइलवर काढलेला होता हे तिला आठवले, आणि दुसरा कुठलाच फोटो नव्हता हेही. आधार कार्डावरचा होता, पण त्यात काळ्या डागापलीकडे काही ओळखू येत नव्हते.

"ही बाई कोन हाय, ते आधी सांगा," सावळेराम म्हणाला. आवाजात राग नव्हता. पोलीस पाटलापुढे माहिती द्यावी तसा तो बोलत होता. "सखूच्या तोंडावर देवीचं वण व्हतं. लई व्हतं. हिच्या तोंडावर काईच न्हाई."

प्रतिभाने मूळ फाइल उघडली, की आपण पुसले असतील तर ते परत आणता येतील. पण मूळ फाइलमध्येही चेहरा गुळगुळीतच होता. नातवाच्या मोबाइलने फोटो काढतानाच कुणालाही न विचारता तो तसा केला होता, आणि त्या गुळगुळीतपणावर तिने आपला एक हात फिरवला होता. जे कॅमेऱ्याने टिपलेच नव्हते ते आणायचे कुठून? सोपान कानकोंडा होऊन म्हणाला की मॅडम, थोडे ठिपके ठिपके टाकून द्या, म्हाताऱ्याचे समाधान झाले म्हणजे झाले. हौशीरामशेठ आतून हसले. "ताई, जल्मभर काढायचं काम केलं, आता लावायचं शिका." तिने उद्या देते म्हणून सांगितले. जाताना म्हातारा दारात थांबला आणि पडद्यावरच्या आपल्या बायकोवरून, अनोळखी बाईला पाहून पुरुषाने नजर वळवावी तशी नजर वळवून, पायरी उतरला.

काम अवघड नव्हते. निदान ती तसे समजत होती. चेहऱ्याच्या वर एक नवा थर घ्यायचा, ठिपके विखरून टाकणारा ब्रश करायचा, आकार कमीजास्त, अंतर कमीजास्त, दाटी मधे जास्त आणि कडेला विरळ. मग त्या थराला उठावाचा परिणाम द्यायचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एक उजेडाची आणि एक सावलीची कड येते आणि सपाट रंग कातडीसारखा दिसू लागतो. संत्र्याची साल, चामड्याची पिशवी, जुनी भिंत, असले पोत तिने पुण्यात कितीतरी वेळा केले होते. तिने ब्रश फिरवला, परिणामाच्या चौकटीत खूण केली आणि खुर्चीत मागे टेकली. पडद्यावर वण नव्हते. पडद्यावर सखूबाईंचे तोंड फुलून आले होते. कपाळ, गाल, पापण्या, ओठांच्या कडा, सगळीकडे टपोऱ्या, पाणी धरलेल्या पुळ्या. प्रत्येक पुळीच्या माथ्यावर उजेडाचा एक बारीक कण. आणि त्यांच्यामधून सखूबाई लग्नातल्या हसऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत होत्या. चूक कुठे झाली ते तिला कळत होते. उजेड उजवीकडून होता आणि तिने सावलीची कड उलट्या बाजूला टाकली होती. तेवढ्यानेच खळग्याचा उंचवटा होतो. एक खूण बदलली की झाले. पण खूण बदलायला हात पुढे होईना.

तिने देवी आलेले माणूस कधी पाहिले नव्हते. ती जन्मली तेव्हा तो रोग जगातून गेलेला होता. तिला जे माहीत होते ते आईकडून. देवी आल्या तेव्हा आई सहा वर्षांची होती. तिला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवले होते, घरात कुणी फोडणी देत नव्हते, कुणी केस विंचरत नव्हते, दारात पाहुणा आला तर बाहेरच्या बाहेर परत जात होता. आणि सगळे घर तिला अहो म्हणत होते. तिचा बाप, आजी, थोरला भाऊ, सगळे. कारण अंगात आलेली ती देवी होती, सारजा नव्हती. आजी पहाटे पाया पडायची आणि विचारायची, बाई, राग गेला का, बाई, काय पाहिजे. आई हे सांगताना कधी रडली नव्हती. एकदाच, हातातले काम न थांबवता म्हणाली होती, "माझ्याशी कुनी बोलतच नव्हतं गं. माझ्या तोंडाशी बोलायचे." प्रतिभाने डोळे बारीक करून, पडद्याकडे तिरके पाहत, ती खूण बदलली. पुळ्या आत गेल्या. खळगे झाले. पण ते खळगे आता पिठाच्या चाळणीसारखे दिसत होते, सारखे, शहाणे, कुणाचेच नसलेले. त्यांत सखूबाई नव्हत्या आणि देवीही नव्हती. तिने तो थर काढून टाकला आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवले की ब्रशला काम द्यायचे नाही, एकेक वण हाताने काढायचा. ड्रॉइंग टॅब्लेट पुढे ओढला, पेन घेतले, मोठे करून गालाचा थोडासा भाग पडद्यावर आणला. इतक्या जवळून चेहरा हा चेहरा राहत नाही; तपकिरी, पिवळसर, जांभळट चौकोनांचे एक माळरान होते, आणि त्या माळावर ती एकेक खड्डा खणत चालली. आधी खोलीचा ठिपका, मग उजेडाकडच्या काठाला सावली, समोरच्या काठाला किंचित उजळ रेघ. काही गोल, काही दोघे मिळून एक झालेले, काही नुसतेच कातडी ओढल्यासारखे. सुरुवातीला ती विचार करून ठेवत होती. पुढे विचार केव्हा थांबला ते तिला कळले नाही. बाहेर हौशीरामशेठ कुणाशी तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर किती पुढाऱ्यांची तोंडे मावतील याचा वाद घालत होते. तो वाद दूर, विहिरीतून यावा तसा ऐकू येत होता. पेन आपले आपण चालले होते. डाव्या डोळ्याखाली आले, तिथे एकाखाली एक असे तीन ठेवून थांबले. भुवईच्या टोकाशी एक खोल. नाकाच्या पाळीजवळ वळसा घालून गालाच्या मधोमध आले आणि तिथून कानाकडे, दाट होत होत, नेहमीच्या वाटेने जावे तसे सराईत गेले. तिने हात उचलला तेव्हा डबा तसाच होता आणि ऊन गल्लीच्या दुसऱ्या भिंतीवर गेले होते. चित्र लहान करून तिने पूर्ण चेहरा पाहिला. तो माणसाचा चेहरा होता. वण त्याच्यावर टाकलेले दिसत नव्हते. तो चेहराच त्यांच्या आधाराने उभा होता. आपल्या हातून इतके चांगले काम आजवर झालेले नाही हे तिला कळले, आणि ते कळताना आनंद व्हायच्या जागी मानेवर, केसांच्या मुळाशी, कुणीतरी मागे उभे असल्यासारखे वाटले. मागे फ्रेमाच होत्या.

संध्याकाळ व्हायच्या आत सोपान बापाला घेऊन आला. सावळेराम मागच्या खोलीत आला आणि पडद्यासमोर वाकला. मग त्याने पडद्याला हात लावला. काचेवर एक ओलसर ठसा उमटला.

"आली," तो म्हणाला. "आता आली."

तो तिथेच स्टुलावर बसला आणि बोलू लागला, ऐकणारे कोण आहे याची फिकीर न करता. शेवटचे काही महिने सखू अंथरुणावरच होती. सुनेला नारायणगावाहून कशाला बोलवायचे म्हणून तिचे तोंड रोज आपणच पुसायचो, ओल्या फडक्याने, दिवा लागायच्या वेळेला. ती डोळे मिटून पडून राहायची आणि म्हणायची, हळू घासा, ते काय जायचं न्हाई. सोपान भिंतीकडे पाहू लागला. हे त्यालाही नवे असावे. प्रतिभाने सहज, कामाची माणसे विचारतात तसे, विचारले की डाव्या डोळ्याखाली असेच होते ना. "असंच," म्हातारा म्हणाला, "अगदी असंच. भुवईपाशी तो खोल बी हाय बघा." उद्या प्रिंट करून फ्रेम देते, असे ती म्हणाली. जाताना या वेळी त्याने पडद्याकडे पाठ केली नाही. मागे मागे चालत दारापर्यंत गेला.

घरी ती पोचली तेव्हा सारजाबाई पडवीत पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. सूर्य डोंगराला टेकला होता आणि त्याचा आडवा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर एका बाजूने येत होता. प्रतिभाने स्कूटी उभी केली, हेल्मेट काढले, आणि हेल्मेट हातात धरून ती तशीच उभी राहिली. डाव्या डोळ्याखाली एकाखाली एक तीन. भुवईच्या टोकाशी खोल. नाकाच्या पाळीजवळून वळसा, गालाच्या मधोमध विसावा, आणि मग कानाकडे दाटत गेलेली ती वाट. उजेडाकडच्या प्रत्येक काठाला सावली होती. एकही चुकले नव्हते.

"काय गं, अशी का बघतीस?" सारजाबाईंनी वर न पाहता विचारले. मग जुडीतली पिवळी पाने बाजूला टाकत, उगाच सांगायचे म्हणून सांगितले, "आज दुपारी तोंड लई हुळहुळलं माझं. माशी बसल्यावानी. हात फिरवला तर काय न्हाई."

प्रतिभाला मेथीचा वास आला, मग आपल्याच घामाचा. औषधाचे थेंब. रोज सकाळ-संध्याकाळ, दुधाकडे पाहत, ज्या चेहऱ्याकडे तिने वर्षानुवर्षे नीट पाहिले नव्हते तो तिच्या तळव्याने पाठ केला होता. आणि त्याहीआधी, लहानपणी, झोप येईना की ती आईच्या गालावरून बोट फिरवायची, खड्ड्याखड्ड्यांतून, जणू गावावरून रात्री कुणी चालावे. एवढेच. याला दुसरे काही कारण असण्याची गरज नव्हती. ती शिकलेली बाई होती आणि हे कारण पुरेसे होते. तरी ते पुरेना. शुक्रवारी नारायणगावात एका पाटावर हे तोंड मांडले जाईल. त्याला हार घालतील. त्याच्या कपाळाला, त्या खोल वणाच्या वर, कुंकू लावतील आणि खाली कैलासवासी लिहिलेले असेल. तिने मोबाइल काढून आईचा फोटो घेतला. पडद्यावर आई आली ती गोरीमोमटी, गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखी. तिने परत घेतला, अगदी जवळून. परत तसाच. मोबाइलमध्ये आईला वण नव्हते. ते आता एकाच ठिकाणी होते, दुकानात, सखूबाईंच्या चेहऱ्यावर. हा विचार मूर्खपणाचा आहे हे तिने स्वतःला सांगितले, आणि मोबाइल पालथा ठेवला.

सकाळी थेंब घालताना तिने पहिल्यांदाच दुधाकडे पाहिले नाही. डोळे मिटून तळवा आईच्या गालावर टेकवला. तळव्याखाली काहीच लागले नाही. काचेसारखे सपाट. क्षणभरच, मग तिच्या ध्यानात आले की आपण श्वास धरला आहे आणि तळवा धड टेकलाच नाही, नुसता जवळ नेला आहे. तिने तो टेकवला. खडबडीत, कोमट, जिवंत. "गार हात हायेत तुझे," आई म्हणाली. दूध उतू जाऊन शेगडी विझली, आणि गॅसचा वास घरभर पसरेपर्यंत ती तशीच उभी होती.

दुकानात आल्या आल्या तिने सोपानला फोन केला की बाबांना घेऊन या. सोपान कुरकुरला. पसंत पडले ना त्यांना, मग आता काय राहिले, मार्केट सोडून येता येत नाही, असे बरेच बोलला, पण आला. हौशीरामशेठांनी मध्ये तोंड घालून पाहिले. गिऱ्हाईक खूश असताना कारागिराने नाराज व्हायचे नसते, असे त्यांचे म्हणणे पडले. ते खोटे नव्हते. प्रतिभाही रस्ताभर तेच घोकत आली होती. माणसाला त्याची बायको मिळाली. ती कुणाच्या वणांनी मिळाली याने कुणाचे काय बिघडते? आणि तरीही त्या म्हाताऱ्याच्या अंथरुणासमोर, उरल्या आयुष्यभर, सखूबाईंच्या जागी सारजाबाई बसणार होत्या, आणि सखूबाई कुठेच नसणार होत्या. मोबाइलने त्यांना एकदा पुसले होते. तिने दोनदा.

तिने सावळेरामला स्टुलावर बसवले आणि सरळ सांगितले. "बाबा, काल मी काढले ते वण सखूबाईंचे नाहीत. माझ्या आईचे आहेत. माझ्या हातून नकळत झालं."

सोपानने कपाळाला हात लावला. म्हातारा मात्र तिच्याकडेच पाहत राहिला.

"जिती हाय का तुमची आई?"

"आहे."

"मंग पुसा ते आधी," तो म्हणाला. "जित्या मानसाचं तोंड हाराखाली ठेवू न्हाई, बाई. लई वाईट."

तिने म्हटले, पुसते, पण मग तुम्ही सांगा, सखूबाईंचे कसे होते. डाव्या गालावर किती, कपाळावर होते का, सांगाल तसे काढते. त्याने तोंड उघडले आणि उत्तरासाठी पडद्याकडे पाहिले. तिथे पाहूनच सांगू लागला, डोळ्याखाली तीन, भुवईपाशी... आणि थांबला. त्याने डोळे मिटले. परत उघडले, परत पडद्याकडे गेले. ती ते पाहत होती. एका दिवसात तिच्या आईचा चेहरा त्याच्या आठवणीवर चढून बसला होता, एका थरावर दुसरा थर बसावा तसा, आणि खालचे आता दिसत नव्हते.

"मला सखूचं आठवंना," सावळेराम म्हणाला. अगदी हळू. "काल सकाळपत्तूर आठवत व्हतं."

प्रतिभाने वणांचा थर निवडला आणि काढून टाकला. कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकला. पडद्यावर ती परकी गुळगुळीत बाई परत आली आणि म्हाताऱ्याने मान फिरवली. मग तिने पडदा त्याला दिसणार नाही असा फिरवला. आपल्या हाताला जे डोळ्यांवाचून येत होते ते तिला आता ठाऊक होते, आणि त्यावरच तिने पुढचे ठरवले. फोटोच्या चांगल्या कागदाऐवजी तिने साधा, शाई शोषणारा कागद घातला, ज्यावर पाण्याचा थेंब पडला तरी रंग विरघळून फिका डाग पडतो आणि म्हणून जो कुणी गिऱ्हाइकाला देत नाही; त्याच्यावर सखूबाईंचा गुळगुळीत चेहरा खऱ्या माणसाच्या मापात छापला, आणि तो टेबलावर उताणा ठेवला. शेजारी एक स्वच्छ फडके भिजवून, पिळून ठेवले.

"बाबा, डोळे मिटा," ती म्हणाली. "फोटो आहे हे विसरा. रोज पुसायचात तसं पुसा. जिथं बोट अडायचं तिथं थांबा, आणि दाबा."

तो ऐकून घेत होता, पण हात मांडीवरच होते. मुलासमोर, परक्या बाईसमोर, हे कसे करायचे, असे काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होते. सोपानला ते उमजले असावे. तो बाहेर जाऊन काउंटरपाशी उभा राहिला. प्रतिभाने खुर्ची फिरवून पाठ केली. आता तिच्या समोर त्या फ्रेमा होत्या, आणि मागे फडक्याचा, कागदावरून सरकणारा, सावकाश आवाज. तो आवाज थांबे, पुन्हा सुरू होई. एकदा तो बराच वेळ थांबला आणि म्हातारा पुटपुटला, हळूच घासतोय, हळूच. ते तिला उद्देशून नव्हते.

त्याने हाक मारली तेव्हा ती वळली. कागद ओला होऊन सुरकुतला होता. रंग जागोजाग निघाला होता आणि फिके, गोल, बोटाच्या पेराएवढे खळगे उमटले होते. डाव्या गालावर फारसे नव्हते. कपाळ जवळजवळ मोकळे होते. सारे उजव्या जबड्यावर, कानाखाली, आणि हनुवटीखाली गळ्याकडे उतरत गेलेले, जिथे तिने स्वतःहून एकही ठेवला नसता. सावळेरामने तो कागद पाहिला नाही. डोळे अजून मिटलेलेच होते, आणि ओले बोट तो अंगठ्यावर घासत होता.

कागद वाळेपर्यंत तिने कुणालाही पडद्याजवळ येऊ दिले नाही. मग तो स्कॅनरवर पालथा ठेवला, एक नवा थर उघडला, उजेडाची बाजू पुन्हा एकदा तपासली आणि पहिला वण गळ्यापासून काढायला घेतला.